सायकलची सहल, अम्मीच्या वेगाने

सहल निघायची म्हटली की आपल्या घरात कामांची वाटणी ठरलेली असते. अब्बा गाडी ठरवतात, मुले खिडकीवरून भांडतात आणि अम्मी डबे भरते. पोहोचल्यावर तिने डबे उघडायचे, धाकट्याला पाण्यापासून ओढायचे, सर्वांची जेवणे झाली की डबे घासून पिशवीत भरायचे. संध्याकाळी सगळे म्हणतात, मजा आली. अम्मीने काय पाहिले, हे कोणी विचारत नाही.

या महिन्यात एका वेगळ्या सहलीची आखणी मांडते आहे. सायकलची, सपाट रस्त्याची, तीन दिवसांची. तिचा नियम एकच: घरातल्या ज्या माणसाचा वेग सर्वांत कमी, त्याच्या वेगाने सर्वांनी जायचे. बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे अम्मीच. तिची सायकल सुटून वीस-पंचवीस वर्षे झालेली असतात.

ती कशी सुटली, हे शिक्षक म्हणून दरवर्षी डोळ्यांसमोर दिसते. सहावी-सातवीपर्यंत मुली सायकलवर येतात. आठवी-नववीत एकेक सायकल घरी राहू लागते. कारण कोणी नीट सांगत नाही. मुलगी मोठी झाली, लोक काय म्हणतील, एवढ्यावर विषय संपतो. तीच मुलगी पुढे अम्मी होते आणि आपल्या मुलीला म्हणते, मलाही कुठे येते सायकल? म्हणून ही सहल मुलीसाठी जेवढी, तेवढीच अम्मीसाठी आहे.

आपल्या दीनने यात आडकाठी घातलेली नाही. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसमध्ये आले आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा आपण (स.) जिंकले. पत्नीबरोबर मोकळ्या हवेत हसतखेळत घालवलेला वेळ वाया गेला असे मानणाऱ्यांनी ही हदीस आठवावी. जमिनीवर फिरून पाहण्याचा उपदेश कुरआनमध्ये ठिकठिकाणी आहे. तो फक्त पुरुषांना केलेला आहे, असे कोणी आलिम सांगणार नाहीत.

जागा कोणती?

सायकल बऱ्याच वर्षांनी हातात घेणाऱ्याला घाट नको, मोठा हमरस्ताही नको. आपल्या कोकणात चढ-उतार पावलोपावली आहेत. पण रायगड जिल्ह्यात एक पट्टा असा आहे की तिथे मुलेही न दमता जातील. उत्तरेला मुंबई बंदराच्या मुखाजवळचे मांडवा, दक्षिणेला कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते ती रेवदंड्याची खाडी, आणि मध्ये अलिबाग. याला अष्टागर म्हणतात, म्हणजे आठ आगरांचा, नारळी-पोफळीच्या बागांचा पट्टा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दूर डोंगर, आणि मधला रस्ता बहुतेक सपाट. मांडवा ते अलिबाग सुमारे 20 किलोमीटर आणि अलिबाग ते रेवदंडा सुमारे 17. गाडीने हे अंतर तासा-सव्वातासाचे आहे. आपण त्याला तीन दिवस देणार आहोत.

मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट मिळते. 2020 पासून ही सेवा सुरू आहे, तासाभरात पलीकडे पोहोचते आणि सायकल सोबत नेता येते. वेळापत्रक व तिकीट निघण्याआधी पाहून घ्यावे. खराब हवेत फेऱ्या बदलतात. पुणे, महाड, रत्नागिरीकडच्या मंडळींनी छोटा हत्ती ठरवून सायकली आणाव्यात. चार-पाच सायकली, मध्ये जुन्या गोधड्या आणि वरून सुती दोरी, एवढे पुरते.

दिवस निवडताना शनिवार-रविवार टाळा. मुंबईच्या गाड्यांची रांग त्याच रस्त्यावर असते. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडाही नको. गर्दी आणि दर दोन्ही चढतात. दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस किंवा जानेवारीतले सोमवार ते बुधवार उत्तम. जुम्याचा दिवसही मध्ये येत नाही.

वारा आणि पाणी

भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. सायकलवर बसल्यावर ते पहिल्यांदा कळतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो. ऊन तापले की समुद्राकडून खारा वारा सुटतो, आणि हिवाळ्यात दुपारनंतर या किनाऱ्यावर तो बहुधा वायव्येकडून येतो. म्हणजे दुपारी दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीला वारा लागतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. वारा तोंडावर घेऊन पाच किलोमीटर काढणे नवशिक्या माणसाला चढ चढण्याइतके जड जाते. म्हणून आपली सहल मांडव्याहून सुरू होऊन रेवदंड्याला संपते. उलट करायची नाही. परतीला सायकली टेम्पोत टाकायच्या.

दुसरे गणित भरती-ओहोटीचे. कोकणातले कोळी बांधव ते तिथीवरून करतात. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे, चारने भागायचे, की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची.

आपल्या घरात तर चांदची तारीख सर्वांना पाठ असते. चंद्र दिसल्यावर आपला महिना सुरू होतो, म्हणून आपली तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते. चांदच्या तारखेत एक मिळवा, की तिथी झाली. चांदची सोळा असेल तर तिथी सतरा, म्हणजे वद्य द्वितीया. दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती आणि सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित करायला द्या. वर्गात कंटाळणारी मुलेही कागद-पेन्सिल घेऊन बसतील. एखाद तासाचा फरक पडू शकतो, म्हणून समुद्रात पाऊल टाकण्याआधी भरतीचे छापील वेळापत्रक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावे.

हा खटाटोप कशासाठी? अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे आणि पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येते. चांदच्या पहिल्या-दुसऱ्या किंवा सोळाव्या-सतराव्या तारखेला ही संधी सकाळच्या थंड वेळी मिळते. सायकली गावात ठेवा. पाणी परत फिरायच्या आत किनारा गाठा.

तीन दिवसांचा बेत

पहिला दिवस: मांडवा ते किहीम, साधारण दहा किलोमीटर. मुख्य रस्ता सोडून सासवणे, आवास अशी गावे विचारत आतल्या रस्त्याने जावे. सासवण्याला शिल्पकार करमरकर यांचे संग्रहालय आहे. किहीमला मुक्काम. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी 1930 च्या सुमारास याच किहीममध्ये सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. मुंबईच्या मुस्लिम घरातला हा मुलगा, हाती पक्की नोकरी नाही अशा दिवसांत इथे राहिला आणि तासन् तास घरटी पाहत बसला. घरटे नर विणतो, मादी ते पसंत करते, मग तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे सर्व त्यांनी बसून पाहिले आणि लिहिले. सावकाश पाहण्याने काय हाती लागते, हे मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही.

दुसरा दिवस: किहीम ते नागाव, अलिबागमार्गे सुमारे वीस किलोमीटर. तिन्ही दिवसांत हेच अंतर मोठे, म्हणून त्याचे दोन भाग करावेत. पहिला टप्पा थळ, वरसोलीवरून अलिबागपर्यंत. थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी आणि उंदेरी ही जोड बेटे दिसतात. खांदेरी मराठ्यांनी बांधले, तर समोरचे उंदेरी जंजिऱ्याच्या सिद्दीने. अलिबागला जोहरपर्यंत विसावा. इथली चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच मुलांना दाखवा. ती आधी मुंबईच्या कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसुया बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ती अलिबागला उभारली. असर झाल्यावर पाठीला वारा घेऊन आक्षी आणि नागाव. कुलाबा किल्ला पाहायचा असेल तर मात्र या दिवशी अलिबागलाच मुक्काम करावा, दुसऱ्या सकाळी किल्ला पाहावा आणि सहलीत एक दिवस वाढवावा.

तिसरा दिवस: नागाव, चौल, रेवदंडा. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पण पाहण्यासारखे सर्वांत जास्त इथेच.

अरब प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916-917 च्या सुमारास, सैमूर नावाच्या बंदरात आला होता. हे सैमूर म्हणजेच चौल, असे इतिहासकार मानतात. त्याच्या ‘मुरूज-उज-जहब’ या ग्रंथात नोंद आहे की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी त्यांत होते, आणि मुसलमान आईबापांच्या पोटी याच भूमीत जन्मलेले, ‘बयासिरा’ म्हणून ओळखले जाणारे लोकही होते. राजा मुसलमान नव्हता. तरी या वस्तीचे आपसातले व्यवहार पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख त्याच्या बाजूने नेमलेला असे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

आता आदल्या संध्याकाळी मागे टाकलेली आक्षी आठवा. त्या गावात शिलाहारांच्या काळचा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. म्हणजे मराठी भाषा दगडावर उमटू लागली तेव्हा, तिथून सायकलने तासाभराच्या अंतरावर, अजान होत होती. तुम्ही मराठी कसे काय बोलता, असा प्रश्न आपल्या मुलांना आजही विचारला जातो. त्याचे उत्तर पुस्तकातून सांगता येते. पण आक्षीहून चौलपर्यंत स्वतःच्या पायाने पेडल मारत गेलेल्या मुलीला ते पाठ करावे लागत नाही.

चौलला जुन्या हमामखान्याचे आणि मशिदीचे अवशेष आहेत. वाट गावकऱ्यांना विचारावी, भिंतींवर चढू नये, नावे कोरू नयेत. रशियन व्यापारी अफनासी निकितिन 1469 च्या सुमारास याच बंदरात उतरला होता. 1508 मध्ये इथल्याच पाण्यात इजिप्तच्या मामलुकांच्या आणि गुजरातच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवले. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तटबंदी घातली आणि 1740 मध्ये ते मराठ्यांकडे आले. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या बागा आहेत आणि गावाचा रस्ता तटामधून जातो. सहल इथे संपवा. खाडीवरच्या पुलापलीकडे अवजड गाड्या आहेत आणि काशीदच्या दिशेला चढ सुरू होतो.

महिनाभर आधीची तयारी

अम्मीला सायकल शिकायची असेल किंवा सराव गेला असेल तर घरातल्या लहान सायकलचे दोन्ही पेडल काढून टाका. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही पाय पूर्ण टेकतील. मग मोकळ्या मैदानात पायाने ढकलत चालायचे. तोल सापडला की पाय उचलून चार-पाच हात जायचे. मागून धरण्याची गरज नाही, पडण्याची भीती फारशी नाही. आठवडाभर रोज अर्धा तास हे केले की पेडल परत लावायचे. पुढचे तीन आठवडे रोज दोन किलोमीटरपासून सहापर्यंत वाढवत न्यायचे. फजरनंतरची वेळ चांगली. रस्ते रिकामे असतात आणि बघ्यांची गर्दी नसते.

पोशाखाचा प्रश्न शिंप्याकडे सुटतो. बुरखा किंवा अबाया घालायचा असेल तर घेर कमी आणि दोन्ही बाजूंना चीर, आत सलवार, घोट्याशी रबर. सायकलला पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी लावून घ्या. कपडा साखळीत वा स्पोकमध्ये जाणार नाही. ओढणी लोंबती ठेवू नये, पिनेने बसवावी. हेल्मेट स्कार्फवर बसते. आत जाड गाठ मात्र नको.

सामानात हवेचा पंप, पंक्चरचे सोल्यूशन आणि ठिगळे, एक जादा ट्यूब, पाना, तेलाची बाटली. वाळूवर सायकल गेली तर मुक्कामी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल द्यावे. खारे पाणी एका रात्रीत गंज धरते. खायला खजूर, केळी, शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. डबे फक्त पहिल्या दिवसाचे. पुढे घरगुती खानावळीत मासे आणि तांदळाची भाकरी मिळते. मासे असले की हलालचा प्रश्न येत नाही. या तीन दिवसांत अम्मीने चूल पाहायची नाही, हे घरून ठरवूनच निघा.

नमाजच्या वेळा हाच आपला विसावा. जोहर मुक्कामी किंवा गावात, असरनंतर शेवटचा टप्पा, मगरिबच्या आधी सायकली आत. सगळ्याच मशिदींत बायकांना जागा असते असे नाही, म्हणून खोली ठरवतानाच विचारा की दुपारी तासभर घरातल्या बायकांना वुजू आणि नमाजसाठी ओसरी मिळेल का. दोन जानमाज आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. नमाज कसर करायची की पूर्ण, हे अंतर आणि मसलक पाहून ठरते. निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारा.

रस्त्यावरचा क्रम

प्रवासात तिघे असले तरी एकाला अमीर नेमावे, ही आपली शिकवण आहे. या सहलीची अमीर अम्मी. ती सर्वांत पुढे, तिच्यामागे मुले, सर्वांत शेवटी अब्बा पंप घेऊन. तिला ओलांडून पुढे जायचे नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने एका रांगेत चालायचे. थांबायचे कधी, हे तीच ठरवणार. वेग तासाला आठ किलोमीटर पडला तरी चालेल. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे थांबले तरी बेत मोडत नाही, कारण अंतरे त्याच हिशोबाने ठेवली आहेत.

थोरल्या मुलाला हे जड जाईल. तो म्हणेल, मी पुढे जाऊन थांबतो. त्याला जमाअतीचे उदाहरण द्या. इमामाने मागच्या अशक्तांचा, म्हाताऱ्यांचा, कामावर जाणाऱ्यांचा विचार करून नमाज आटोपशीर ठेवावी, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. जमाअत सर्वांत अशक्ताच्या वेगाने चालते, म्हणून ती जमाअत. घराचेही तेच आहे.

घरी आल्यावर सायकली माळ्यावर टाकू नका. सोमवारी मुलगी शाळेला सायकलनेच गेली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला अम्मी सायकल काढू लागली, तर सहल झाली असे समजा. लोक चार दिवस बोलतील. पाचव्या दिवशी शेजारची एखादी बाई हळूच विचारील, पेडल काढून शिकता येते म्हणतात, ते कसे? तिला आपली लहान सायकल द्या, पेडल काढून.